सहा इंची पंधरा

माझे आण्णा पेंटर होते. चित्रकार नव्हे, पेंटर. अंबाजोगाईत दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागची नावं, लगीनसराईत लग्नघरच्या भिंती, ग्रामपंचायतीचे घर नंबर आणि चौदा एप्रिलच्या आधी आठ दिवस नुसते बाबासाहेब. २०१६ साली ते गेले तेव्हा माझ्या वाट्याला त्यांची पत्र्याची पेटी आली. मीच मागून घेतली.

पेटीत झिजून आखूड झालेले चपटे ब्रश आहेत, भिंतीवर सरळ रेघ मारायचं निळीत बुडवलेलं सूत आहे, आणि एक्स-रेच्या फिल्मवर कापलेले आकड्यांचे साचे आहेत. शून्य ते नऊ, सहा इंची. अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातून आण्णा टाकून दिलेल्या फिल्मा आणायचे, सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घालायचे आणि काळा थर घासून काढायचे. पुठ्ठ्याचा साचा चार घरांत भिजून जातो, फिल्मचा वर्षानुवर्षं टिकतो. काळा थर मात्र सगळा निघत नाही. पाचाचा साचा उजेडासमोर धरला की त्यात कोणाच्या तरी बरगड्या पुसट दिसतात. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. आण्णा म्हणायचे, "अगं, मान्साच्या छातीतून कापलेला आकडा हाय. कामून भितीस?"

ही पेटी मी शाळेत नेऊन ठेवली. केज तालुक्यातल्या एका गावात मी चित्रकला शिकवते, सतरा-अठरा वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लगेच कळेल.

आण्णांनी रात्रीची पहिली भिंत रंगवली ती १९७८ साली. त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. आण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे, एका उस्तादाकडे ब्रश धुवायच्या कामाला. आजीने घरात सगळ्यांना बजावलं होतं की रस्त्यात कोणी भेटलं तर जय भीम म्हणायचं नाही, नुसता नमस्कार करायचा आणि पुढं निघायचं. आण्णा चार दिवस नमस्कार करत फिरले. पाचव्या दिवशी त्यांनी बाभळीचा डिंक भिजत घातला.

डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा आणि गेरूत मिसळायचा, की रंग भिंतीला धरतो. एक मित्र कोपऱ्यावर राखण करायला, दुसऱ्याच्या घोंगडीत कंदील. सूत मारायला वेळ नव्हता. आण्णांनी आधी एक लांब शिरोरेघ ओढली आणि मग तिला एकेक अक्षर टांगत गेले. नामांतर झालेच पाहिजे.

भिंत एका आडत दुकानाची होती. सकाळी मालकाने उस्तादाकडे माणूस पाठवला, चुना मारायला कोणीतरी द्या. उस्तादाने आण्णांनाच पाठवलं. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे आण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. आण्णा गेले, मालकाच्या समोर चुना कालवला, दोन हात मारले, रोख मजुरी घेतली, रामराम करून आले. फक्त त्या चुन्यात त्यांनी डिंक घातला नाही. मीठसुद्धा घातलं नाही. दिवस श्रावणातले. आठ दिवसांत पावसाची एक चांगली सर आली आणि 'नामांतर' वर आलं. 'झालेच पाहिजे' वळचणीखाली होतं, त्याला दुसरी सर लागली.

ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली ती १४ जानेवारी १९९४ च्या रात्री. नामविस्तार झाला होता, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं, वस्तीत हलगी वाजत होती. मी बारा वर्षांची. त्याआधी दोनेक महिने, २५ नोव्हेंबरला, नांदेडला गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं होतं. त्या आठवड्यात आण्णांनी ब्रश हातात धरला नव्हता, लग्नाची दोन कामं परत पाठवली होती. नामविस्ताराच्या रात्री मात्र ते बोलत होते, थांबतच नव्हते. कोणत्या भिंतीला कोणता चुना, कुठं कुत्रं भुंकलं, कुठल्या भिंतीवर 'पाहिजे'तला 'जे' अर्धा राहिला. पुढं एका वर्षी ते मला विद्यापीठाच्या गेटवर घेऊन गेले. तिथं चौदा जानेवारीला पाय ठेवायला जागा नसते. लोक गेटला हात लावत होते, फोटो काढत होते, म्हाताऱ्या बाया पायरीवर डोकं टेकवत होत्या. आण्णा बराच वेळ नुसते वरची अक्षरं बघत उभे राहिले.

आता माझ्या शाळेचं सांगते.

माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त लेकरांचे आईबाप कारखान्यांकडं ऊस तोडायला जातात. दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर भरतात आणि पाडव्यापर्यंत गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं एवढंच उरतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजूर गोळा करणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर देतो, आणि हंगामभर तोडून ती फेडायची. एक दिवस आजारी पडलं की खाडा, त्याचे पैसे वर कापून. पाळी आली, ताप आला, अंग दुखलं, खाडा तो खाडाच. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या, चौकशी समिती बसली. माझ्या वर्गातल्या पोरींना त्या बातमीचं नवल नव्हतं. त्या त्यांच्या आया होत्या, मावश्या होत्या.

पोरगा अंगाने भरला की घरचे त्याला जोडी बघायला लागतात, अर्धा कोयता पूर्ण करायला. पोरगी मोठी झाली की तिला मागं कोणाच्या भरवशावर ठेवायचं, आणि सोबत न्यायची तर उसाच्या फडात आणि पाचटाच्या कोपीत. मग तिचं लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या, बीडमध्ये ४३.७ टक्के. मला टक्के कळतात ते हजेरीपटावर. आठवीत सव्वीस मुली, दहावीत पंधरा.

हे आईबाप दुष्ट नाहीत. मी त्यांना ओळखते. पोरीला वही आणायला उपाशी राहतील. पण मुलीच्या लग्नाबद्दल गावात कोणी तोंड उघडत नाही. शिक्षक नाही, सरपंच नाही, मीही नाही. मी बाहेरची, आणि कुठल्या वस्तीतली आहे ते सगळ्यांना ठाऊक. एकदा एका आईला समजवायला गेले होते तेव्हा तिच्या दिराने दारातच विचारलं होतं, "बाई, आमच्या घरात तुमचं काय काम?" त्यातल्या 'तुमचं'वर किती वजन होतं ते मला बरोबर कळलं.

२०२३ च्या फेब्रुवारीत संभाजीनगरला डब्ल्यू-२० ची बैठक झाली, जी-२० च्या निमित्ताने महिलांची. शहरातले रस्ते चकाचक झाले, भिंतींवर चित्रं आली. मी मुद्दाम बघायला गेले होते, मला आवडली. फोटो काढून आणले, नववीच्या पोरींना दाखवले, आणि आमच्याही शाळेच्या मागच्या भिंतीवर काढू या म्हटलं. हेडसरांनी परवानगी दिली. म्हणाले, "काढा, पण चांगलं काहीतरी काढा."

रंगाला पैसे नव्हते. गेरू, चुना, नीळ, चुलीतला कोळसा. पहिल्या शनिवारी पोरींनी दोन डोंगर काढले, मधून सूर्य, खाली झोपडी, झोपडीसमोर नदी. बालवाडीपासून तेच काढत आल्यात. 'झाडे लावा' लिहिलं.

दुसऱ्या शनिवारी मी मोबाईलवर त्यांना शमसिया हसानीची चित्रं दाखवली. ही अफगाणिस्तानातली चित्रकार, काबूलच्या विद्यापीठात शिकवायची आणि तिथल्या बॉम्बने फुटलेल्या, गोळ्यांनी भोकं पडलेल्या भिंतींवर बायका काढायची. तिच्या बायकांचे डोळे मिटलेले असतात आणि त्यांना तोंड नसतं. पोरींनी मोबाईल एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरवला.

"बाई, तोंड काढायचं राहिलं का तिचं?"

"नाही. तिने मुद्दामच काढलं नाही."

"मंग बोलती कशी ती?"

मी काही म्हणायच्या आत मागून एक आवाज आला, "बघ की, पेटी वाजवायली." त्या चित्रात बाईच्या हाताखाली पियानोच्या पट्ट्या होत्या.

बोलली ती मुलगी वर्गात फार बोलायची नाही. अक्षर मात्र फार सुंदर. पेटीतले साचे पाहून तिनेच विचारलं होतं, हे वापरायचे कसे. मी शिकवलं. फिल्म भिंतीला चप्प दाबून धरायची, ब्रश जवळजवळ कोरडा करायचा, आणि ओढायचा नाही, थोपटायचा. ओढला की रंग कडेखाली शिरतो. तिला पहिल्या दिवशीच जमलं. मला आठ दिवस लागले होते.

मग मी म्हटलं, घरी जे बोलता येत नाही ते काढा. हे वाक्य मी बोलले, त्याची जबाबदारी माझी. तीन शनिवार पोरी त्या भिंतीपासून हलल्या नाहीत. डोक्यावरच्या उसाच्या मोळीखाली तोंडच दिसत नाही अशी बाई. कुलूप लावलेलं दार आणि पायरीवर आजी. कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी असलेली एक परकरातली पोर. एका मुलीने आपली आई काढली होती, हिरव्या लुगड्यातली, आणि तिच्या पोटाशी कोळशाने एक रिकामा गोल.

"हे काय काढलंस?"

"पिशवी, बाई. काढलेली."

मी तिथं फार वेळ उभी राहू शकले नाही. नळावर जाऊन हात धुतले.

आम्ही आपल्या पोरांना अजिंठा दाखवायला नेतो. तिथं माती, भुसा, वनस्पतींचे तंतू कालवून भिंती लिंपल्या आणि त्यावर राजे, दासी, रडणारी माणसं, मरणाला टेकलेली राजकुमारी काढली. पोरांना सांगतो, बघा, दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचं दुःख कसं टिकलंय. माझ्या नववीच्या वर्गाचं तीन आठवडे टिकलं.

मार्चमध्ये तपासणी लागली. हेडसर आले, भिंतीपुढं उभे राहिले, आणि खरं सांगते, त्यांचेही डोळे भरले. मग म्हणाले, "बाई, हे राहिलं तर गावातले लोक पोरींना शाळेत पाठवायचे नाहीत. चुना मारून घ्या. आणि वर काहीतरी लिहा." काय लिहू विचारलं तर म्हणाले, 'मुलगी शिकली, प्रगती झाली' लिहा. शिपाई सुट्टीवर होता. चुना मी कालवला. मीच मारला. पोरी वर्गाच्या खिडकीतून बघत होत्या.

त्या चुन्यात मी डिंक घातला. बाजारातून आणलेला, चांगल्या प्रतीचा. कोणी सांगितलं नव्हतं. आण्णांच्या मुलीला चुन्यात डिंक घालावा की घालू नये हे माहीत नव्हतं असं नाही. मला नोकरी ठेवायची होती, तपासणी नीट जायला हवी होती, आणि त्या क्षणी मला पोरींची चित्रं पुन्हा वर यायला नको होती. एवढं लिहायला मला सव्वा वर्ष लागलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती मुलगी शाळेत यायची थांबली. ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या होत्या. मैत्रिणींनी सांगितलं, लग्न धरलंय, बावीस तारखेचं, अक्षय्य तृतीयेचं. नवरा मुलगा टोळीतलाच. दाखल्यावर तिचं वय पंधरा पूर्ण. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा नंबर मला पाठ आहे, शाळेच्या व्हरांड्यात मीच तो लाल रंगात लिहिला आहे. मी फोन केला नाही. उद्या करू म्हणत दहा दिवस काढले.

तिचं घर स्टँडच्या रस्त्यावर आहे. लग्नासाठी पुढची भिंत रंगवली होती, तालुक्याच्या एका पेंटरने. वर गणपती, दोन बाजूंना सोंडेत हार धरलेले हत्ती, मध्ये गुलाबी अक्षरांत 'चि. सौ. कां.', पुढं तिचं नाव, आणि त्याखाली 'शुभविवाह'. एकोणीस तारखेला सकाळच्या शाळेला जाताना स्टँडवर उतरले तर हॉटेलसमोर माणसं उभी होती आणि सगळी एकाच बाजूला बघत होती.

तिच्या नावाच्या आणि 'शुभविवाह'च्या मधल्या जागेत गेरूने दोन आकडे होते. १५. सहा इंची. दुसरं काहीही नाही. शिवी नाही, घोषणा नाही, रेघसुद्धा नाही.

"पंधरा कशाला लिहिलं?" एक जण म्हणाला. "लगीन तर बावीसला हाय."

"तारीख चुकवली असंल पेंटरनं."

पाणी भरून चाललेली एक म्हातारी थांबली. तिने कळशी कमरेवरून खाली ठेवली, भिंतीकडं बघितलं. "तारीख न्हाई बाबा ती," म्हणाली. "वय हाय पोरीचं."

कोणी काही बोललं नाही. गावात हे प्रत्येकाला माहीत होतं, मंडपवाल्याला, आचाऱ्याला, भटजींना, मला. पण असं स्टँडच्या तोंडावर, उघड्या भिंतीवर, आल्यागेल्याने वाचावं असं ते कोणी कधी मांडलं नव्हतं. दोन माणसं मान खाली घालून निघून गेली. मी जवळ गेले. आकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, कुठंही रंग खाली शिरलेला नव्हता. ओढलेलं नव्हतं, थोपटलेलं होतं. आणि पाचाचा तो वाकडा पोट काढलेला घाट माझ्या ओळखीचा होता, अंबाजोगाईच्या निम्म्या घरांवर मी तो बघत मोठी झाले.

शाळेत जाऊन कपाट उघडलं. साच्यांत एक नव्हता आणि पाच नव्हता. मी पेटी बंद केली, व्हरांड्यात गेले आणि १०९८ ला फोन लावला.

दुपारी हेडसरांनी बोलावलं. मुलीच्या घरचे येऊन गेले होते. गेरू शाळेतलाच असणार, आमच्या पोरींनीच लिहिलं असणार, नावं द्या, असं त्यांचं म्हणणं. हेडसर घाबरले होते. म्हणाले, "भिंती विद्रूप करण्याविरुद्ध कायदा आहे बाई, १९९५ चा. पोलीस केस झाली तर?" मला अजिंठ्याचं दहावं लेणं आठवलं. तिथं १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवलीय, आणि आमची सहल गेली की गाईड ते मुलांना कौतुकाने दाखवतो. आणि आठवलं सीरियातलं दरा. तिथं २०११ साली शाळकरी पोरांनी शाळेच्या भिंतीवर राजवटीविरुद्ध लिहिलं होतं. कोणी लिहिलं याची नावं शोधली गेली, पोरांना उचललं, कोठडीत त्यांचे हाल केले. त्या पोरांच्या सुटकेसाठी लोक रस्त्यावर आले आणि मग सगळा देश. भिंतीवर काय लिहिलंय यापेक्षा कोणी लिहिलं हे विचारणारी माणसं जगात सगळीकडं सारखीच असतात. आमच्या हेडसरांना मी त्यांत धरत नाही, ते नुसते घाबरले होते.

मी म्हटलं, "सर, गेरू गावात घराघरात असतो."

साच्यांचं बोलले नाही. पेटीला तेव्हापासून कुलूप घातलं.

संध्याकाळी ग्रामसेवक आणि पोलीस गेले. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, पण त्याला कोणीतरी सांगावं लागतं, किंवा दिसावं लागतं. या वेळी दिसत होतं. दाखला बघितला, हमीपत्र लिहून घेतलं, मंडपाचे खांब निघाले. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी भिंत रंगवून घेतली. चुना नव्हे, प्रायमर आणि वरून कंपनीचा इमल्शन, दोन हात. पोपटी. दोन पावसाळे झाले, त्यातून काहीही वर आलेलं नाही आणि येणारही नाही. मी येता-जाता बघते.

ती शाळेत परत आली नाही. दिवाळीनंतर टोळी गेली, तीही गेली. डिसेंबरमध्ये कळलं की तिकडेच, कारखान्यावर, फडातल्या चार माणसांच्या साक्षीने लग्न उरकलं. कोयता पूर्ण झाला. मला ते कळलं तो दिवस मी विसरणार नाही. फोन दहा दिवस आधी केला असता तर, पोरीच्या आईशी आधी बोलले असते तर, असं रोज चाललेलं असतं. तिची कोपी कशी असेल ते मी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करायचे. बांबू, तट्टे, वर पाचट, हल्ली प्लॅस्टिकचा कागद. आत वाकून जायचं. सहा महिने तिथं राहायचं, आणि त्या घराला भिंत नसते.

२०२४ च्या जुलैत एका दुपारी ती वर्गाच्या दारात उभी राहिली. साडी, गळ्यात काळे मणी, हातांवर पात्याने कापल्याच्या पांढऱ्या रेघा. मुली शांत झाल्या. ती आत आली नाही, मी बाहेर गेले.

"बाई, तुमची वस्तू राहिली होती माझ्याजवळ."

पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. एक आणि पाच. कागद कारखान्याकडच्या कुठल्यातरी गावचा होता. साचे धुतलेले नव्हते. कडांना गेरू वाळून बसला होता, पाचाच्या पोटात सुद्धा. मी पाच उजेडासमोर धरला. बरगड्या दिसल्या.

मला वाटलं होतं मैत्रिणींनी लिहिलं असेल. सव्वा वर्ष मी तसंच धरून चालले होते. मी तिच्याकडं बघितलं. तिने मान वर केली नाही, पण खालीही घातली नाही, व्हरांड्यातल्या लाल नंबराकडं बघत राहिली.

"रात्री लिहिलंस?"

"हाव. आई झोपल्यावर."

"घरच्यांना कळलं?"

"आजीला. आजीनं कंदील धरला व्हता."

थोडा वेळ आम्ही दोघीही गप्प होतो. मग तिने पदर नीट केला आणि विचारलं, "बाई, सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो?"

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता दहावीला बाहेरून बसायचा अर्ज. मी म्हटलं, तारखा लागल्या की मी कळवते, दाखल्याची प्रत मी काढून ठेवते, आधारची तू आण. तिने मोबाईल नंबर लिहून दिला. नवऱ्याचा आहे, म्हणाली, दुपारी लावा, तेव्हा माझ्याजवळ असतो. आकडे तिने खडूने माझ्या डस्टरच्या लाकडावर लिहिले, कारण हाताशी कागद नव्हता. अक्षर अजून तसंच आहे.

डस्टर मी घरी आणलाय. पेटीत शून्य ते नऊ पुरे आहेत. कुलूप काढून टाकलं.